विदाचे अजगर आणि मालदीवच्या कवड्या

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये कोटोनू शहराहून विदा या गावाला येणाऱ्यांची पहिली धाव अजगरांच्या देवळाकडे असते. मीही तिथेच गेलो. गोल खोलीत भिंतीच्या कडेने अजगर एकमेकांवर लोळत पडलेले. पुजाऱ्याने त्यातला एक उचलून सरळ माझ्या गळ्यात टाकला. अंग गार, कोरडं आणि वाटलं होतं त्याहून जड. रात्री त्यांना मोकळं सोडतात म्हणे. एखादा कुणाच्या घरात शिरला तर लोक हाकलत नाहीत, अदबीने परत आणून पोचवतात.

हा दांगबे, जुन्या हुएडा राज्याचा देव. १७२७ मध्ये आतल्या भागातल्या दाहोमे राज्याच्या अगाजा राजाने विदा जिंकलं, तेव्हा त्याच्या सैनिकांनी 'देव असाल तर वाचवा स्वतःला' असं सुनावून हे अजगर भाजून खाल्ले, असं स्नेलग्रेव्ह नावाच्या इंग्रज कप्तानाने लिहून ठेवलंय. तरी पूजा टिकली. दाहोमेच्या राजांनीच ती पुढे चालू दिली.

अगाजाचं दांगबेशी वैर नव्हतंच मुळी, त्याला किनारा हवा होता. त्याची राजधानी आत अबोमेला, आणि गोऱ्यांशी व्यापार मधल्या राज्यांच्या हातात. विदा मिळताच बंदुका, कापड, दारू थेट येऊ लागली. आणि कवड्या! मालदीवच्या या कवड्या जहाजाच्या तळाशी भार म्हणून युरोपात जायच्या, तिथून इकडे. ४० कवड्यांची एक माळ. बाजारात पोटभर जेवण कवड्यांवर मिळे आणि गुलाम म्हणून माणूसही. ही चाल जुनी. मालदीवमध्ये काझी राहिलेला इब्न बतूता चौदाव्या शतकात नायजरकाठच्या गाओला पोचला, तर तिथे त्याच कवड्या, सोन्याच्या एका दिनारला ११५०.

मी तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा बघत वाढलेला. विदाच्या बाजारात पूजेच्या सामानात कवड्यांची रास दिसली आणि हात आपसूक जोडले जाणार होते.

गावात गोऱ्यांचे किल्ले होते, पण हुकूम राजाचा. योवोगान हा त्याचा अधिकारी परदेशी व्यापाऱ्यांवर नजर ठेवी. जहाजाने राजाचा कर भरला की मगच गुलामांची खरेदी सुरू.

गुलामांना ज्या वाटेने नेत, ती साधारण ४ किलोमीटरची वाट चालून किनाऱ्यावरच्या कमानीपाशी पोचलो. गाइड पोर्तुगीजांवर, इंग्रजांवर पोटतिडकीने बोलत होता. मी अगाजाचं नाव काढलं. "शूर राजा होता," म्हणाला, आणि नारळपाणी घेणार का, असं विचारलं.