भाच्याचा टॅब्लेट आणि त्याचा नकार

स्वमग्न आणि बोलू न शकणाऱ्या मुलाच्या हाती संवादासाठी टॅब्लेट द्यायचे ठरले, की घरातल्या वडीलधाऱ्यांची शंका ठरलेली असते. माझ्या भाच्याच्या वेळी आईने बहिणीला विचारले, ‘‘अगं, याने तो बोलायचा प्रयत्नच सोडून देईल का?’’ ही भीती मायेपोटी येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात विकासात्मक अपंगत्व असलेल्या २७ जणांच्या भरवशाच्या नोंदी तपासल्या गेल्या. चित्रे किंवा हातांच्या खुणा यांसारखी पर्यायी साधने शिकवल्यामुळे त्यांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले होते. पुढे २०१४ मध्ये कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते ८ वयाच्या, अगदी मोजके शब्द बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या उपचारांत सुरुवातीपासून बोलणारे उपकरण होते, ती मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली.

भाचा वापरतो ते ‘जेलो’ हे ॲप पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झाले आहे. ते विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते. चित्रावर बोट ठेवले की शब्द ऐकू येतो आणि बाजूच्या बटणांनी आवड, नावड, होकार, नकार, ‘आणखी’ असे भाव त्याला जोडता येतात. माझ्या मते या ॲपचे खरे मोल त्या नकारात आहे. पूर्वी कुकरची शिट्टी होऊ लागली की भाचा स्वतःचे मनगट चावत असे आणि आम्ही त्याला हट्ट समजून समजूत घालत बसायचो. आता तो स्वयंपाकघराच्या चित्रावर बोट ठेवून नावड सांगतो आणि बहीण त्याला दार लावून गॅलरीत नेते. त्याने ‘नको’ म्हटल्यावर घरातल्यांनी खरोखर थांबायला हवे, नाहीतर ते बटण दाबण्यात त्याला काय अर्थ वाटणार?

मोठ्यांनीही बोलता बोलता तीच चित्रे दाबून दाखवावी लागतात, कारण कोणतीही भाषा मूल आजूबाजूला वापरली जाताना पाहूनच शिकते. मात्र त्याचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे टाइप करून घेऊ नयेत. त्या पद्धतीच्या चाचण्यांत संदेश मुलाचा नसून हात धरणाऱ्याचा असल्याचे वारंवार आढळले आहे.

लोकलच्या गर्दीत टॅब्लेटचा आवाज ऐकू येत नाही आणि पावसात तो बाहेर काढवत नाही, म्हणून बहिणीने मुख्य चित्रांचा लॅमिनेट केलेला तक्ताही दप्तराला अडकवला आहे.

शाळेत मात्र टॅब्लेट ‘खेळणे’ म्हणून दप्तरात ठेवायला लावतात, याचे मला फार वाईट वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच अशा पर्यायी साधनांचा समावेश आहे. त्यामुळे तास सुरू असताना टॅब्लेट बाकावर उघडा असावा, असे बहिणीने लेखी मागितले आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी वर्गशिक्षिका घरी येऊन भाचा तो कसा वापरतो हे पाहणार आहेत.