थर्मामीटर म्हणतो ११८ आणि कॅरमेल दगड

छोट्या चॉकलेट किचनमध्ये काम करते मी, आणि सॉल्टेड चॉकलेट कॅरमेल हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल. त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, संध्याकाळपर्यंत कापून, कागदात गुंडाळून डबे भरायचे होते, आणि पहिला ट्रे कापायला घेतला तर सुरीखाली कट्ट आवाज! कॅरमेल कापताना आवाज येतो का कधी? रॅपिंगच्या काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, हे चावायचं का चोखायचं?"

पहिला संशय अर्थातच चॉकलेटवर. ७० टक्के कोकोवालं नवीन आलंय ना, त्यानेच कडक झालं म्हणे. आता हे अगदीच खोटं नाही, कोको बटर गार झालं की घट्ट होतं त्यामुळे चॉकलेटवालं कॅरमेल साध्यापेक्षा जरा घट्टच बसतं, म्हणून तर आम्ही ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत न नेता ११८ ला गॅस बंद करतो आणि मग चॉकलेट घालतो. पण घट्ट होणं वेगळं आणि तडकणं वेगळं. आत पाणी किती उरलंय त्यावर सगळा खेळ आहे, उकळताना पाणी उडत जातं तसतसं तापमान चढतं, म्हणजे थर्मामीटर खरं तर पाण्याचाच हिशोब सांगत असतो. तडकतंय म्हणजे पाणी गरजेपेक्षा जास्त उडालंय, चॉकलेट बिचारं उगाच शिव्या खातंय.

गॅसवर जो पोरगा होता तो शपथेवर सांगत होता, "ताई, मी ११८ लाच बंद केला!" आणि मला ते पटलं कारण हा मुलगा त्या आकड्यावरून नजर हटवतच नाही, पातेल्यात काय चाललंय ते मात्र बघत नाही (ही सगळ्याच नव्या मुलांची सवय). मग पाणी खळाखळा उकळवलं आणि प्रोब (थर्मामीटरची दांडी) तळाला टेकू न देता आत धरला. ९५! रोज इथेच तो १०० दाखवायचा. म्हणजे ११८ दिसत होतं तेव्हा आत १२३ च्या आसपास असणार, आणि कॅरमेलला एवढा फरक भरपूर होतो.

दुसरा प्रोब नव्हता. माल फेकायचा म्हणजे एवढं बटर आणि क्रीम पाण्यात, म्हणून तुकडे करून जाड बुडाच्या पातेल्यात टाकले, वर थोडं पाणी आणि गरम क्रीम, आणि अगदी मंद आचेवर विरघळवत बसले. यात खरी डोकेदुखी चॉकलेटची, एरवी ते गॅस बंद केल्यावर जातं पण इथे आधीच आत होतं, तळाला धरलं की जळका वास सगळीकडे, त्यामुळे स्पॅचुला एक मिनिट थांबवता येईना. कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने खाली उतरवत राहायची, नाहीतर खडे पकडून सगळं रवाळ होतं. आत ग्लुकोज सिरप होतं, ते साखरेचे खडे सहजी होऊ देत नाही, म्हणून निभावलं.

मग जुनी पद्धत. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा आणि बोटाने बघायचं. आधी नुसता पसरला, मग मऊ गोळी झाली जी बाहेर काढल्यावर बसली, आणि थोड्या वेळाने अशी झाली की हातात आकार धरते पण दाबली की दबते. बस, तिथेच बंद.

एक गोष्ट मात्र ट्रे ओतल्यावर लक्षात आली. पहिल्या मालावर जाड मीठ आधीच भुरभुरलेलं होतं, ते सगळं विरघळून आत गेलं होतं, त्यामुळे चाखून बघितलं आणि या वेळी वरून अगदी नावापुरतंच मीठ टाकलं, तेसुद्धा गुंडाळायच्या जरा आधी, कारण कॅरमेल हवेतला ओलावा ओढतं आणि लवकर टाकलेलं मीठ पाणी होऊन बसतं. चव नेहमीपेक्षा किंचित जास्त भाजलेली आली होती. मला तर तीच जास्त आवडली, पण मुद्दाम तशी करायला परत त्या पातेल्यासमोर कोण उभं राहणार!