दशांश ग्रेनच्या मागे

घरी बंदुकीची काडतुसं भरायचा माझा छंद, पण आज संध्याकाळभर पावडर मेजरमधून (हँडल फिरवलं की ठरावीक माप टाकणारं यंत्र) नुसती बंदुकीची पावडर टाकत बसलो, एकही राउंड म्हणजे काडतूस भरलं नाही. हँडल वर, हँडल खाली, चार्ज (एका काडतुसाची पावडर) पॅनमध्ये, पॅन काट्यावर, आकडा वहीत, पावडर परत हॉपरमध्ये (मेजरवरच्या डब्यात), की पुन्हा तेच. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो, वाटू दे. नवीन लॉटचा डबा उघडला की हे करायलाच लागतं, कारण पावडर मेजर वजन मोजतच नाही, तो आकारमान मोजतो, आणि तीच कंपनी तीच पावडर असली तरी लॉट बदलला की दाण्यांची घनता थोडी इकडेतिकडे होते, मग जुन्या सेटिंगवर जे वजन पडत होतं तेच आता पडेल याची काही गॅरंटी नाही. (जळायचा वेगही थोडा बदलू शकतो, त्यामुळे कमाल मर्यादेच्या जवळचा लोड, म्हणजे पावडरचं प्रमाण, असेल तर खाली उतरून पुन्हा वर यायचं. यात आळस करायचाच नाही.)

ही पावडर लांब दाण्यांची आहे, पेन्सिलीतल्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी. असले दाणे मेजरच्या फिरत्या ड्रमच्या खाचेत कधी आडवे पडतात कधी उभे, आणि हँडल फिरवताना एखादा दाणा कडेला अडकला की हाताला कच्च करून लागतं, दाणा कापला जातो. तसं झालं की तो चार्ज मी सरळ परत हॉपरमध्ये ओततो, वजनसुद्धा करत नाही. गोल दाण्यांच्या बॉल पावडरला ही भानगडच नाही, ती सरसर खाली येते आणि साधा मेजरसुद्धा शहाण्यासारखा वागतो. म्हणून तर काही पावडरींचे आखूड दाण्यांचे प्रकार निघाले, एच ४८३१ या पावडरचा एससी (शॉर्ट कट) त्यातलाच, दाणा आखूड केला की मेजरमधून बरा पडतो.

पण खरी गंमत हातात आहे. मेजर तोच, पावडर तीच, आणि हँडल एकदा जोरात आपटलं एकदा हळू नेलं की आकडे लगेच पसरतात. पावडर खाचेत कशी बसते हे तिला किती वेळ मिळाला आणि किती हादरा बसला यावर आहे. त्यामुळे माझी पद्धत ठरलेली आहे, हँडल वर नेऊन टोकाला टेकवायचं, क्षणभर थांबायचं, मग एकाच वेगात खाली, खाली टेकल्यावर पुन्हा तेवढंच थांबायचं. कोणी दोनदा ठकठक करतात, कोणी अजिबात नाही, दोन्ही चालतं, पण जे करायचं ते दर वेळी करायचं. मध्येच कोणी हाक मारली आणि लय तुटली की पुढचा चार्ज हमखास वेगळा पडतो, मी तो काढूनच टाकतो. हॉपरमधली पातळीसुद्धा बघायची, अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण वरच्या पावडरचा भार कमी झाला की खाचेत दाणे सैल बसतात, आत बफल (पावडरचा भार अडवणारी पट्टी) असेल तर तो फरक बराच कमी होतो. आणि प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) आणि मेजर एकाच टेबलावर असतील तर प्रेसचा प्रत्येक दणका पावडर दाबत राहतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवाल्यांनी (ज्यात प्रत्येक दणक्याला सगळी कामं एकदम होतात) म्हणूनच मशीन थोडं चालवून, हादरे सुरू असतानाच सेटिंग करावं, थंड बसलेल्या मेजरवर केलेलं सेटिंग नंतर सरकतं.

आता काटा. माझा काटा ०.१ ग्रेन (ग्रेन हे पावडरच्या वजनाचं एकक) दाखवतो, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. लोकांना वाटतं ४२.० दिसलं म्हणजे ४२.० च आहे. तसं नसतं, काटा ०.१ ने वर-खाली चुकू शकत असेल तर ४२.० दाखवणारे दोन चार्ज एकमेकांपासून ०.२ लांब असू शकतात आणि स्क्रीनवर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सुरू करून अर्धा तास तापू देतो, पंखा बंद, मोबाईल लांब, आणि चार्जच्या जवळपासचं चेक वेट (ठाऊक वजनाचं माप) अधूनमधून ठेवून बघतो. त्याहून सोपी खूण म्हणजे पॅन उचलल्यावर दिसणारा उणे आकडा. तो पॅनच्या वजनाचा आकडा, दर वेळी तोच यायला पाहिजे, ०.२ ने जरी सरकला तरी काटा भरकटायला लागलाय हे समजायचं. ट्रिकलरने (दाणे हळूहळू सोडायचं साधन) एकेक दाणा टाकताना आणखी एक त्रास आहे, इतकं हळू वाढणारं वजन काही काटे शून्याची घसरण समजून गिळून टाकतात आणि आकडा हलतच नाही. पॅन उचलून पुन्हा ठेवला की खरं कळतं.

दहा चार्ज एकत्र ओतून वजन करायचं आणि दहाने भागायचं, ही युक्ती सरासरी लावायला फार छान आहे, ०.१ च्या काट्यावर त्याहून बारीक सेटिंग करता येतं. पण पसारा त्यात लपतो. एक चार्ज ०.३ जास्त आणि एक ०.३ कमी असेल तर बेरीज एकदम देखणी दिसते. म्हणून आधी दहाचं वजन करून सरासरी लावतो आणि मग एकेकाचं वजन करून बघतो.

आणि हे सगळं कशासाठी, हा प्रश्न मला आज वही बघताना पुन्हा पडलाच. .३०८ सारख्या रायफलच्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) चाळीसेक ग्रेन पावडर असते, तिथे ०.१ ग्रेनने वेग साधारण पाच-सहा फूट प्रति सेकंद बदलतो. वेगात ३० फुटांचा फरक पडला तरी १०० यार्डांवर गोळी दोन मिलिमीटरसुद्धा वर-खाली होत नाही, तोच फरक १००० यार्डांवर साधारण दहा इंच होतो. जवळच्या अंतराचे बेंचरेस्टवाले (टेबलावर बंदूक टेकवून अचूक नेमबाजी करणारे) चार्ज मेजरमधून थेट केसमध्ये टाकतात, वजन करत बसत नाहीत, आणि तरी एकाच भोकातून गोळ्या काढतात. लांब पल्ल्यावाले दाणे मोजत बसतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, भांडण उगाच लावलं जातं. पिस्तुलाचं गणित मात्र उलटं, तिथे चार-पाच ग्रेनमध्ये ०.१ म्हणजे दोन टक्क्यांच्या वर गेलं. शिवाय त्या केसमध्ये एवढीशी पावडर तळाला बसते, दुसऱ्यांदा पडली तरी ती मावते, म्हणून तिथे काट्यापेक्षा डोळे महत्त्वाचे, सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये (भोकं असलेल्या ठोकळ्यात) उभ्या करायच्या, टॉर्च मारून पातळी बघायची आणि मगच गोळी बसवायची. एखादी केस रिकामी राहिली तर गोळी बॅरलमध्ये अडकते आणि मागून दुसरी झाडली की काय होईल ते लिहायलाही नको.

आजचे आकडे बघता ही पावडर माझ्या मेजरमधून बहुतेक वेळा ०.२ च्या आत पडतेय, एखादा ०.३ ला जातो. १०० यार्डांच्या सरावाला तशीच टाकणार, काट्याला हात लावणार नाही, फक्त अधूनमधून एखादा चार्ज तपासायचा. लांबच्यासाठी मेजर अर्धा ग्रेन कमीवर लावायचा आणि उरलेलं ट्रिकलरने भरायचं. हॉपर रिकामा करून पावडर तिच्या मूळ डब्यात ओतली आणि झाकण घट्ट लावलं, रात्रभर उघडी राहिली तर हवेतला ओलावा घेते किंवा आपला सोडते आणि दोन्हीत जळण्याचा वेग बदलतो. शिवाय दुसऱ्या दिवशी हॉपरमध्ये नक्की कोणती पावडर आहे हा प्रश्नच उरायला नको, टेबलावर एका वेळी एकच डबा.

एका मित्राचं म्हणणं आहे की महागडा, एक दाणासुद्धा दाखवणारा काटा घे आणि विषय संपव. घेईनही कधीतरी. पण क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) माझ्या वेगात जो पसारा दिसतोय तो सगळा ०.१ ग्रेनच्या खात्यात टाकणं मला पटत नाही, केसेस वेगवेगळ्या वेळा वापरलेल्या आहेत, कुठे नेक (गोळी धरणारं केसचं तोंड) कडक झालीये कुठे नाही, गोळीवरची पकड प्रत्येकीत वेगळी. आधी केसेस अनील करून (नेक तापवून मऊ करून) एकाच लॉटच्या वेगळ्या काढतो, तेवढ्याने पसारा किती कमी होतो ते बघतो आणि मग काट्याचं ठरवू.