आरशातले दोन रेणू वेगळे करताना: कायरल एचपीएलसीचा माझा अनुभव

एचपीएलसी म्हणजे नमुना दाबाने कॉलममधून, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून, सोडून त्यातले घटक वेगळे करणारं मशीन. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या लॅबमध्ये एका औषधी अमीनची (नायट्रोजन असलेल्या अल्कलीधर्मी पदार्थाची) तपासणीची पद्धत त्यावर बसवायची होती. त्याचे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू असतात, एस आणि आर. औषध म्हणजे त्यातला एस रेणू. त्याच्यासोबतचा आर रेणू ०.१५ टक्क्यांच्या आत आहे हे दाखवायचं होतं. साध्या सी-१८ कॉलमवर दोघांचं एकच पीक (आलेखावरचा उंचवटा) येतं. वितळणबिंदू, विद्राव्यता, यूव्ही शोषण, सगळं सारखंच. उजवी चप्पल कोणती हे पाय घातल्यावर कळतं, तसा या दोघांतला फरक तिसरी कायरल, म्हणजे स्वतःच डाव्या किंवा उजव्या हाताची असलेली, वस्तू समोर आल्यावरच उघड होतो. कायरल कॉलम म्हणजे ती तिसरी वस्तू.

लुई पाश्चरने १८४८ साली हे काम चिमट्याने केलं. टार्टारिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे डावे-उजवे स्फटिक त्याने हाताने निवडले. डावे-उजवे रेणू निम्मे-निम्मे असलेल्या मिश्रणाला ‘रेसिमिक’ म्हणतात. हा शब्दही लॅटिनमधल्या द्राक्षाच्या घडावरून आलेला, याचं नाशिककर म्हणून मला अप्रूप वाटतं. तो क्षार साधारण २७ अंशांच्या खालीच असा वेगवेगळ्या स्फटिकांत बसतो. म्हणजे तापमानाचा हात तेव्हाही होताच.

सुरुवात मशीनपासून करावी, कॉलमपासून नाही. आमच्या एचपीएलसीवर आधी फॉस्फेट बफर (क्षार विरघळवलेलं पाणी) चालला होता. त्यावर थेट हेक्झेन सोडलं तर पाणी मिसळत नाही आणि क्षार नळ्यांत बसतात. म्हणून कॉलम काढून आधी नुसतं पाणी, मग आयसोप्रोपेनॉल, शेवटी मोबाईल फेज (कॉलममधून वाहतं ठेवायचं द्रावण). आयसोप्रोपेनॉल घट्ट असतं, फ्लो ०.३ मिलीच ठेवला, नाहीतर प्रेशर चढतं. इंजेक्टरचा लूप आणि सुईच्या वॉशची बाटली हटकून विसरली जाते.

कॉलम घेतला सेल्युलोजच्या डायमिथिलफिनाइल कार्बामेटचा, सिलिकावर लेप दिलेला, २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मोबाईल फेज एन-हेक्झेन ९०, आयसोप्रोपेनॉल १०, डायइथिलअमीन ०.१. फ्लो मिनिटाला १ मिली, २३० नॅनोमीटर. डायइथिलअमीन नसेल तर अमीन सिलिकाला चिकटतं आणि पीकला लांब शेपूट येते.

रेसिमिक नमुना टाकला, रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटी झाली याचा आकडा) १.१. आयसोप्रोपेनॉल ५ वर आणलं, १.६ झालं; वेळ मात्र खूप वाढला. मग आयसोप्रोपेनॉलऐवजी इथेनॉल घातलं आणि २.४ मिळालं. अल्कोहोल इथे फक्त रेणूला पुढे ढकलत नाही, साखरेच्या साखळीतल्या खोबणींचा आकारही बदलतं. त्यामुळे कोणतं अल्कोहोल चालेल हे कागदावर ठरत नाही. करूनच पाहावं लागतं.

तरी अडचण उरली. एसचं मोठं पीक आधी येत होतं आणि ०.१५ टक्क्यांचा आर त्याच्या शेपटीवर बसत होता. अशा जागी एरियाचा, म्हणजे पीकखालच्या क्षेत्रफळाचा, आकडा विश्वासाचा नसतो. काही कृत्रिम कायरल कॉलम दोन्ही हातांचे मिळतात, उलटा घेतला की क्रम उलटतो. सेल्युलोजला ती सोय नाही, कारण निसर्ग ग्लुकोज एकाच हाताचं बनवतो. मात्र अमायलोज त्याच ग्लुकोजचं, तरी जोडणी वेगळी, साखळीचा पीळ वेगळा. अमायलोजच्या कॉलमवर आमचा क्रम फिरला: छोटा आर आधी, मोठा एस नंतर. प्रत्येक रेणूबाबत हे होईलच असं नाही.

एक तपासणी मी कधीच सोडत नाही. रेसिमिकच्या दोन्ही पीकचा एरिया सारखाच यायला हवा. आमचा ५२ आणि ४८ आला. पहिल्या पीकखाली दुसरीच एक अशुद्धी दडली होती. सी-१८ वर तपासल्यावर सापडली. इथेनॉलचं प्रमाण थोडं कमी केल्यावर ती बाजूला झाली.

नमुना हायड्रोक्लोराइड क्षार होता, तो हेक्झेनमध्ये विरघळत नाही. थोडं इथेनॉल आणि डायइथिलअमीनचा थेंब, मग मोबाईल फेजने पातळ. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचा मोह आवरावा. लेपाच्या कॉलमवर ते, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) किंवा इथाइल ॲसिटेट गेलं तर लेपच धुऊन निघतो आणि कॉलम परत येत नाही. नमुन्यात ही द्रावणं टाळता येत नसतील तर इमोबिलाइज्ड, म्हणजे थर सिलिकाला रासायनिक बंधाने पक्का बसवलेला, कॉलम घ्यावा.

पद्धतीच्या मसुद्यात तापमान ‘रूम टेम्परेचर’ असं लिहिलं होतं, ती चूक होती. जानेवारीच्या रात्रपाळीत, एसी बंद, नाशिकची थंडी. शेवटचं पीक २० मिनिटांच्या रनबाहेर गेलं आणि पुढच्या इंजेक्शनमध्ये रुंद भुतासारखं उगवलं. ओव्हन ३० अंशांवर बांधला. आमचा ओव्हन फक्त तापवतो, गार करत नाही, म्हणून खोलीच्या वरचाच आकडा घेतला. रिझोल्यूशन २.६ वरून २.३ झालं, ते मी खुशीने सोडलं. रोज सारखं येणं जास्त मोलाचं.

बाटलीचं झाकण सैल राहिलं तर हेक्झेन आधी उडतं, अल्कोहोलचं प्रमाण वाढतं आणि पीक दिवसभर अधिकाधिक लवकर येत जातात. झाकण घट्ट ठेवावं, मोबाईल फेज रोज ताजा करावा.

अमीन चाललेल्या कॉलमवर नंतर ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल घालू नये. आधीच्याचा अंश कितीही धुतला तरी मागे राहतो आणि रिझोल्यूशन बिघडवतो. आम्ही दोन कॉलम वेगळे ठेवले, डब्यावर ‘बेस’ आणि ‘ॲसिड’ अशी चिठ्ठी. काम संपल्यावर डायइथिलअमीन नसलेल्या ९०:१० हेक्झेन-आयसोप्रोपेनॉलने अर्धा तास धुवायचा, दोन्ही टोकं बंद करायची आणि चिठ्ठीवर तारीख टाकायची.