बुडबुड्यांचे वळ

जानेवारीतला गुरुवार होता. सकाळी साडेनऊला कुलाब्यातल्या एका जुन्या इमारतीत आम्ही तिघं सहा बाय चारचं चित्र दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चढवत होतो. लिफ्ट नाही. लाकडी जिन्याच्या वळणावर चित्र उभं करून फिरवायचं, आणि कोपरा कठड्याला लागू नये म्हणून एकाने मध्ये हात धरायचा. चित्र रात्रीच्या बसने कोल्हापूरहून आलं होतं. चित्रकार मुलगी त्याच बसने आली होती, आमच्या मागे एकेक पायरी चढत होती.

मी फ्रेम बनवतो आणि प्रदर्शनांचं हँगिंग, म्हणजे चित्रं भिंतीवर लावायचं काम करतो. हात बसला तो जहांगीर आर्ट गॅलरीत. तिथे एकेकाला आठवडा मिळतो, सोमवारी संध्याकाळी जुनी चित्रं उतरतात आणि मंगळवारी नवी लागतात. घाई कशी करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे त्या भिंतींवर कळलं. आमच्या धंद्याचा मला अभिमान आहे. ज्या केकू गांधींनी १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी काढली, त्यांचा मूळ धंदा फ्रेमचाच होता.

२०१२ पासून मुंबईत जानेवारीत गॅलरी वीकएंड भरतो. गुरुवार ते रविवार, कुलाबा आणि फोर्टातल्या गॅलऱ्या आपापली नवी प्रदर्शनं एकदमच उघडतात, प्रवेश फुकट. बघणाऱ्यांची चंगळ असते. आम्हा हँगिंगवाल्यांना मात्र सगळीकडून एकाच वेळी बोलावणं येतं. त्या दिवशी माझ्याकडे दोन जागा होत्या, आणि इथलं उद्घाटन संध्याकाळी सहाला.

साडेदहाला पॅकिंग उघडलं. वरचा पुठ्ठा काढला, टेप कापली, बबल रॅप उचलला तर तो सुटताना चरचर आवाज आला. तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. बुडबुडे आतल्या बाजूला होते. मध्ये बटर पेपर नाही, काही नाही, थेट रंगावर. ॲक्रिलिक वाळलं तरी शेवटी प्लॅस्टिकच, उष्णतेने मऊ पडतं. बसच्या डिकीत रात्रभर गरम हवा आणि वरून कुणाच्या तरी पेट्या. चित्र होतं रात्रीच्या उसाच्या फडाचं, जवळजवळ सगळं निळं-काळं आणि बिनचकाकीचं. त्या काळोखावर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत गोल वळ उमटले होते. एकसारखे, ओळीने.

मुलगी काही बोलली नाही. पिशवीतून रंगाच्या ट्यूब काढायला लागली.

"ताई, थांब. आत्ता हात लावू नकोस."

"दादा, वरून एक हात दिला तर झाकेल."

"झाकणार नाही. नवा रंग वळात साचेल आणि वेगळा चमकेल."

चित्रांचं संवर्धन करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, चित्र आडवं ठेवा, रंगाची बाजू वर, सावलीत थंड होऊ द्या. ड्रायर नको, इस्त्री नको, बोटाने दाबायचं तर मुळीच नाही. तीन तास ते टेबलावर पडून होतं, तोवर आम्ही बाकीची अकरा चित्रं लावली. उथळ वळ थोडे बसले. खोल होते ते तसेच राहिले.

चारला चित्र समोरच्या भिंतीवर गेलं. दिवे लावताना मला कळलं की हे वळ घालवता येतात. दिवा भिंतीजवळ असला की उजेड वरून घसरत येतो आणि पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तोच दिवा पट्टीवर दीड हात मागे घेतला, जोडीला समोरून दुसरा सोडला, की सावल्या मरतात. मी तसं करून पाहिलं. चित्र एकदम कोरं दिसायला लागलं. गॅलरीच्या मॅडमना हायसं वाटलं. या चित्रासाठी एकांनी आधीच विचारणा केली होती.

मला राहवेना. मी मॅडमना म्हटलं, "इथे दिसणार नाही. पण त्यांच्या घरी खिडकीशेजारच्या भिंतीवर गेलं की संध्याकाळच्या उन्हात एकेक वळ उठेल." उजेड चित्र दाखवण्यासाठी असतो. त्याच उजेडाने घेणाऱ्यापासून काही लपवायला माझा हात धजत नाही. मॅडम दोन मिनिटं गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "त्यांना मी स्वतः फोन करते." मुलगीच मध्ये बोलली. "मॅडम, हे विकायचं नाही. लावा, पण विकायचं नाही. आणि दादा, दिवा होता तिथेच न्या."

मी दिवा परत भिंतीजवळ घेतला.

सहानंतर जिना माणसांनी भरला. लोक एका गॅलरीतून दुसरीकडे निघालेले, हातात ग्लास, नजर ओळखीच्या चेहऱ्यांवर. असल्या गर्दीत भिंतीकडे नीट बघणारे थोडेच. जे.जे. कला महाविद्यालयातला वाटावा असा एक मुलगा चित्राच्या बाजूला जाऊन, मान तिरकी करून बराच वेळ उभा राहिला. मग तिला विचारलं, "हे गोल मुद्दाम केलेत?"

"नाही. पॅकिंगचे आहेत."

त्याने परत वाकून पाहिलं. मग दोघं फडाबद्दल बोलायला लागली. ऊस तोडायच्या आधी पाचट कसं पेटवतात, त्याची राख गावातल्या अंगणात कशी येऊन पडते, असं ती हात हलवत सांगत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा एवढा आवाज ऐकला. त्या रात्री दोन चित्रांना विकल्याची लाल टिकली लागली, दोन्ही लहान.

प्रदर्शन उतरलं तेव्हा ती परत आली होती. चित्र मीच बांधलं. आधी बटर पेपर, मग कडेने लाकडी पट्ट्यांची चौकट, म्हणजे वर काहीच टेकत नाही, त्यावर पुठ्ठा आणि सगळ्यात शेवटी बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. ती शेजारी उभी राहून मोबाईलवर एकेक पायरीचा फोटो घेत होती. झाल्यावर म्हणाली, "दादा, बटर पेपर अजून दहा मीटर मिळेल? आमच्या स्टुडिओत आम्ही पाच जण आहोत."

माझ्याकडे अख्खा रोल होता. तो मी चित्राबरोबरच बांधून दिला.