पिठूळ फळातली साखर

फळ फिकं लागलं की बाजारात ठरलेलं उत्तर मिळतं, साखर उतरलेली नाही. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधीकधी साखर फळात पुरेशी असते, ती जिभेपर्यंत पोचतच नाही.

हापूसचा गर म्हणजे पातळ भिंतींच्या पेशींची दाट गर्दी. प्रत्येक पेशी बहुतेक रसानेच भरलेली. साखर तिथेच, आंबटपणाही तिथेच. कैरीत मात्र साखर थोडी आणि स्टार्च भरपूर. अढीत या स्टार्चची साखर होते, आम्ल घटतं. म्हणून चौदा आणे तयार (पूर्ण तयार म्हणजे सोळा आणे) आंबा भाताच्या पेंढ्यात गोड होतो आणि दहा आण्यांचा नुसताच पिवळा पडतो, साठाच अपुरा असतो ना! बादलीभर पाण्यात टाकून पाहावं: कोवळं फळ तरंगतं, तयार फळ बुडतं. पीचही आंब्यासारखंच बाठ्याचं फळ, पण त्याच्याकडे स्टार्चचा साठा जवळपास नसतोच. कच्चं तोडलेलं पीच घरी मऊ होतं, गोड होत नाही.

खरी गंमत भिंतींची आहे. शेजारच्या दोन पेशींना पेक्टिन चिकटवून धरतं. फळ पिकताना ते विरघळतं, भिंती सैल होतात, आणि चावल्यावर पेशी फुटून रस सांडतो. पीच २ ते ५ अंशांवर काही आठवडे ठेवलं की हे गणित बिघडतं. पेक्टिन अर्धवट तुटतं, रस शोषून धरतं, आणि चावताना पेशी फुटायच्या ऐवजी सुट्या होतात. तोंडात ओला कापूस चघळल्यासारखं वाटतं. रसातली साखर मोजणारा ब्रिक्समापक मात्र साखर दाखवतच राहतो.

कच्च्या हापूसला तर १२-१३ अंशांखालचा गारवाही सोसत नाही. तो नीट पिकत नाही, साल काळवंडते. फ्रिजमध्ये ठेवायचाच तर पिकल्यावर ठेवावा, आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावा. गार फळाची गोडी जिभेला कमी कळते.

हापूसच्या गरात होणाऱ्या साक्याचं दुखणं वेगळं. बाठ्याजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट राहतो, कारण तिथल्या स्टार्चची साखर झालेलीच नसते. कोयीत झाडावरच रुजण्याची तयारी सुरू होते आणि ती गरातलं पाणी ओढते, हे त्यामागचं मला पटणारं कारण. तापलेल्या जमिनीची धगही भर घालते, म्हणून जाणते बागायतदार झाडाखाली पेंढा पसरतात आणि फळ अति तयार होऊ देत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’त साका होत नाही, तरी गिऱ्हाईक हापूसच मागतं. आणि दाबदाबून पाहतं! साका बाहेरून दाबून कधीच सापडत नाही. बोटाखालच्या पेशी तेवढ्या फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे डाग पडतो.