‘आम्ही नव्हतो का?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

मी एका कौन्सेलरकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, जातो, आणि ओळखीचे, नात्यातले लोक मला त्याबद्दल दोन तऱ्हांनी विचारतात. काही जण चारचौघांत, हसत: “काय, अजून जातोस का त्या मॅडमकडे?” बाकीचे लग्नाची जेवणं आटोपल्यावर, हात धुता धुता बाजूला घेऊन: “तिथे नेमकं काय करतात रे? एका ओळखीच्यासाठी विचारतोय.” पहिल्यांना मी उत्तर देत नाही आणि देणारही नाही. दुसऱ्यांना दर वेळी द्यायला लागतो आणि दर वेळी ते अर्ध्यावर राहतं, कारण तोवर तेही त्याच वाक्यावर आलेले असतात: “एवढं होतं, तर आम्ही नव्हतो का?”

म्हणून एकदा सगळं लिहितो. माझ्या वडिलांचं, अण्णांचं आजारपण आणि मी काम करतो त्या बँकेतली चौकशी एकाच वर्षात आली, अण्णा गेले, चौकशीत माझ्यावर काही निघालं नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात पुन्हा शिरत नाही. तुम्हाला कळत नाही ते हे, की सगळं मिटल्यावर मला त्रास का सुरू व्हावा. मलाही कळत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. समोर कर्जाची फाइल असायची, अर्जदाराचं नाव वाचून पुढच्या ओळीवर जाईपर्यंत नाव विसरलेलं असायचं. जेवायचो, पण काय जेवलो हे सांगता आलं नसतं. या विषयातल्या कुणीही ही नैराश्याची लक्षणं लगेच ओळखली असती. मी त्याला थकवा म्हणत होतो, आणि तुम्हीही थकवाच म्हणत होतात.

तुम्ही होतात, हे मी कधीच नाकारलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये रात्री बसलात, डबे आणलेत, दहाव्याला सगळं सांभाळलंत. पण तुमच्यापैकी प्रत्येकाला मी बरा झालेला हवा होतो. “आता कसं वाटतंय?” या तुमच्या प्रश्नात “बरं वाटतंय ना?” हेच असायचं. मी “बरं आहे” म्हटलं की तुमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, आणि तो उतरावा म्हणून मी म्हणत राहिलो. यात तुमचा दोष काढत नाही. माया असलेल्या माणसाला दुसरं काही ऐकवत नाही.

कौन्सेलरकडे जायचं ठरवल्यावर मी स्वतःशीच खूप भांडलो. पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘येरवड्याला पाठवा’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, याचा अर्थ काय हे शाळेत असल्यापासून माहीत असतं. मुंबईकडे त्यासाठी ठाण्याचं नाव घेतात. शिवाय घरात तीन पिढ्यांत कुणी गेलं नव्हतं. माझ्या आजोबांनी दुष्काळ काढला, अण्णांनी गिरणी बंद पडल्यावर चार पोरं वाढवली, आणि मी पगार चालू असताना पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये देऊन रडगाणं गाणार? हा माझा तेव्हाचा मुद्दा होता. तो मला आजही पूर्ण खोडता आलेला नाही. एवढंच म्हणतो की अण्णा शेवटची कित्येक वर्षं रात्री अंगणात फेऱ्या घालायचे आणि त्यांना कुणी कधी विचारलं नाही. ते सोसत होते की नुसते एकटे होते, हे आम्हा भावंडांत कुणालाच सांगता येणार नाही.

जागा सांगतो, कारण तिचीही लोकांना भीती असते. सदाशिव पेठेत एका इमारतीचा दुसरा मजला, बाहेर चपलांचं स्टँड, आत दोन खुर्च्या तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे सतत डोळ्यांत डोळे घालून बसायला लागू नये. आडवं पडायचा कोच वगैरे नाही. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, कौन्सेलरला दिसेल असं. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. एवढ्या लहान मुलीला आपण काय सांगणार, असं मला वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, की हिला फार काही कळणार नाही.

आधी दोन पानी संमतिपत्र आलं. फी किती, वेळ किती, न येण्याचं एक दिवस आधी कळवलं नाही तर फी द्यावी लागेल, आणि इथे बोललेलं गुप्त राहील. अपवाद तीन, स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. मी मंजुरीपत्रावरच्या अटी लोकांकडून मोठ्याने वाचून घेणारा माणूस आहे. सगळं वाचलं आणि मग सही केली. अपवादांचं कलम दुसऱ्या कुणासाठी तरी असतं, असं समजून केली.

मग एक छापील कागद. नऊ प्रश्न, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला याचा किती त्रास झाला’, आणि पुढे चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं. मी भराभर खुणा करत गेलो. नववा प्रश्न असा, की आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी असे विचार येतात का. तिथे पेन थांबलं. मी ‘काही दिवस’वर खूण केली. खोटं लिहिता आलं असतं. का नाही लिहिलं, ते आजही सांगता येत नाही. वाटलं असावं की ती बेरीज करेल, कागद फायलीला लावेल आणि अण्णांबद्दल विचारेल.

तिने बेरीज केलीच नाही. कागद मांडीवर ठेवला, नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “जीव द्यावा असा विचार येतो का?”

असा. आडून नाही, गोल नाही, आवाज न उतरवता. चुलतभाऊ, मित्र, डॉक्टर, बायको, इतक्या जणांशी इतकं बोललो होतो, पण हे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. मीही मनातल्या मनात ते पूर्ण करत नसे. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही, हे या क्षेत्रातली माणसं ठामपणे सांगतात, आणि मी त्या खुर्चीत बसून ते अनुभवलं आहे. ‘हो’ म्हटल्यावर मला आधी फक्त दमल्यासारखं झालं. ती पुढे विचारत गेली. कधी येतो, काही ठरवलं आहे का, आज येताना वाटेत आला होता का. एकेका उत्तरानंतर थांबत होती. मी उत्तरं देत होतो. ती ऐकून ना तिचा चेहरा उतरला, ना तिने मला समजावलं. “मुलांकडे बघा” म्हणाली नाही. ते मी रोज बघतच होतो.

मग ती म्हणाली, “आज तुम्ही इथून बाहेर पडण्याआधी घरातल्या एका माणसाला हे कळायला हवं. कुणाला सांगायचं, ते तुम्ही ठरवा.”

मला जो संताप आला तो लिहायला आजही जड जातं. म्हटलं, “आत्ता सही घेतलीत ना, बाहेर जाणार नाही म्हणून?” तिने माझीच सही असलेलं पान माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, “मी काही करणार नाहीये, शब्द देतो.” ती म्हणाली, “तुमच्यावर विश्वास आहे. तरीही कळायला हवं.” मी उठून दारापर्यंत गेलो. ती उठली नाही, दार अडवलं नाही. नुसतं म्हणाली, “तुम्ही सांगितलंत तर जास्त चांगलं. नाहीतर मला फोन करावा लागेल.” २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गुप्ततेच्या हक्काला जिवाच्या धोक्याचा हा अपवाद आहे, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला ती धमकी वाटली. थोडी अजूनही वाटते.

मी बायकोला फोन लावला. ती शाळेत होती, मागे मधल्या सुट्टीचा गोंगाट. मला काहीच बोलता आलं नाही. शेवटी म्हटलं, “तू येशील का इकडे?” कुठे, कशाला, तिने विचारलं नाही, पत्ता मागितला. रिक्षाने आली, पदराला खडूची पांढरी भुकटी, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. त्या खोलीत तिसरी खुर्ची आणली गेली. मी तिला एका वाक्यात सांगितलं. ती बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, “गाडी कुठे लावलीय तुम्ही?” मी म्हटलं, खाली. “किल्ली द्या.”

एवढंच. मग आम्ही तिघांनी एका कागदावर लिहिलं: असं वाटू लागल्याचं आधी कशावरून कळतं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. पहिलं नाव बायकोचं, दुसरं चुलतभावाचं, आणि रात्री-अपरात्रीसाठी १४४१६, म्हणजे सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. ती २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. त्याच संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली. गोळ्या सुरू झाल्या. त्या लिहून देण्याचा अधिकार त्यांचा, कौन्सेलरचा नाही. हे दोघं वेगळे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात.

घरी आल्यावर बायको जे बोलली ते तुमच्याच प्रश्नासारखं होतं. “अहो, त्या परक्या मुलीला आधी कळलं.” मग म्हणाली, “पहाटे तुम्ही उठायचात तेव्हा मी जागीच असायचे.” हे मला माहीत नव्हतं. एकाच खोलीत आम्ही दोघं एकमेकांना झोपलेले समजत होतो, आणि दोघांनीही एकमेकांसाठीच तोंड बंद ठेवलं होतं. यावर आमचं अनेकदा बोलणं झालं आहे आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणतो, तुला सांगितलं असतं तर त्या क्षणी मला तुलाच सावरावं लागलं असतं. ती म्हणते, सावरलं असतंत तर काय बिघडलं असतं, निदान माझं दुःख तरी खरं असतं. तिचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पण त्या मुलीला माझ्या घरात राहायचं नव्हतं, माझ्या पगारावर तिचं घर चालत नव्हतं, म्हणून ती ते वाक्य पूर्ण उच्चारू शकली आणि मी ‘हो’ म्हणू शकलो. ‘आम्ही नव्हतो का’चं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. ते तुम्हाला लागेल, हे कळतं मला.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. तुम्हाला वाटतं कौन्सेलर सल्ले देते. तिने मला नोकरी, घर, भाऊबंदकी कशाबद्दलही काय कर हे सांगितलेलं नाही. मी चिडून मागितले तेव्हाही नाही. ती विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीतून रुजवलेली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनाशी जे घट्ट धरून ठेवतो त्यातून त्रास वाढतो, हे तिचं सूत्र. ते वहीत उतरवायचं, तपासायचं. ‘अण्णांच्या शेवटच्या रात्री मी तिथेच असायला हवं होतं, नव्हतो, म्हणून मी नालायक’ हे वाक्य आम्ही किती तऱ्हांनी उलगडलं! ‘म्हणून’च्या पुढचं आता बरंचसं सैल झालं आहे. आधीचं नाही. अधूनमधून सेशन संपवून बाहेर येताना आत जातानाहून वाईट वाटतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

आता त्या ‘ओळखीच्या’ माणसासाठी. शिक्षण विचारा, बिनदिक्कत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती मागता येते. नुसत्या ‘समुपदेशक’ पाटीमागे नीट प्रशिक्षण घेतलेलं माणूसही असतं आणि चार दिवसांचा कोर्स केलेलंही. विम्याची फार आशा धरू नका: कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगतो, पण जी पॉलिसी साध्या ओपीडीचं बिल देत नाही ती याचंही देत नाही. फी झेपत नसेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. दोन-तीनदा जाऊन सूत जुळलं नाही तर माणूस बदला, तसं तोंडावर सांगितलं तरी चालतं.

आणि पहिल्याच फोनवर विचारा, “माझ्या घरच्यांना तुम्ही कधी सांगाल, आणि मला सांगून सांगाल का?” बायको म्हणते हे लिहू नका, लोक घाबरून जायचेच नाहीत. मला वाटतं ज्याला जायचं आहे त्याला हे आधी माहीत असायला हवं. हे लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, बाकी सगळं ठेवा, एवढं काढा. मी काढलेलं नाही.